प्रश्न सोपा झाला, नोंद अवघडच राहिली

१९७४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर इथे भरलेल्या एका परिषदेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएमच्या दोन तरुण संशोधकांनी ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा. पुढे ट्रेडमार्कची अडचण आली, नाव आखडले आणि ती एसक्यूएल झाली. आज बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे धंद्याच्या नोंदींतून उत्तरे काढण्याची विद्या, शिकायला निघालेल्या बहुतेकांची सुरुवात तिच्यापासूनच होते. पण ही भाषा मुळात प्रोग्रामरसाठी नव्हती, हे आता फारसे कुणाच्या ध्यानात नसते. हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार अशांना संगणकात रस नसला तरी त्यात साठलेल्या माहितीची गरज असते. त्यांनी ती थोडक्यात शिकून घ्यावी आणि आपले काम आपण भागवावे, असा तिच्या कर्त्यांचा हिशेब होता. पन्नास वर्षे उलटली. हिशेबनिसांनी आणि अभियंत्यांनी ती भाषा सरसकट उचलली नाही. त्यांच्या वतीने क्वेरी लिहून देणारा एक अख्खा पेशा उभा राहिला, त्याचे क्लास निघाले, प्रमाणपत्रे निघाली, नोकऱ्यांच्या जाहिरातींत त्याचे रकाने झाले. मध्यस्थ नको म्हणून केलेल्या भाषेतून नवा मध्यस्थवर्ग निघाला. असे का झाले, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे भाषा वाटली तेवढी सोपी नव्हती. ते मला पुरेसे वाटत नाही. भाषा बऱ्यापैकी सोपी होती आणि तिच्यामागून आलेली साधने तर तिच्याहून सोपी होती. अवघड होते ते दुसरेच काहीतरी, आणि ते शिकवायचे काम या विद्येच्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर राहून गेले.

ते दुसरे काय, हे समजून घ्यायला चार वर्षे मागे जावे लागते. जून १९७० मध्ये आयबीएमच्याच सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवरच्या डेटाबेसमध्ये एखादी नोंद हवी असेल तर ती यंत्रात कुठे ठेवली आहे, कोणत्या नोंदीला कशी जोडली आहे, हे ठाऊक असावे लागे. नोंदीपर्यंत जाण्याची वाट प्रोग्रामरलाच दाखवावी लागे. रचना बदलली की प्रोग्राम मोडत. कॉड यांचे म्हणणे असे की वापरणाऱ्याला या अंतर्गत रचनेचा जाच होताच कामा नये. त्याला टेबले दिसावीत, ओळी आणि रकाने दिसावेत, एवढे पुरे. हा विचार फार मोठा होता आणि तो टिकलाही. पण त्याच्या यशात एक घोटाळा झाला. नोंद यंत्रात कशी ठेवली आहे याचे अज्ञान वापरणाऱ्याला परवडते, हे खरे. नोंद मुळात कुणी केली, कधी केली, काय पाहून केली आणि काय वगळून केली, याचे अज्ञान मात्र कधीच परवडत नाही. कॉड यांनी पहिल्या अज्ञानाची मुभा दिली होती. शिकणाऱ्यांनी आणि त्याहून जास्त शिकवणाऱ्यांनी दुसऱ्याचीही मुभा मिळाली असे धरून टाकले. टेबल समोर आले की ते जणू आकाशातून पडले आहे, अशा थाटात त्याला प्रश्न विचारायची सवय तिथपासून लागली.

नवी भाषा माणसांना शिकता येते का, हे आयबीएमने लगेच तपासून पाहिले, ही त्या काळातली मोठी कौतुकाची गोष्ट. फिलिस राइसनर या संशोधिकेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गट करून एकाला सीक्वेल आणि दुसऱ्याला तिच्या आधीची, गणिती चिन्हांची ‘स्क्वेअर’ ही भाषा शिकवली. विद्यार्थ्यांत प्रोग्रामिंग येणारे होते तसे न येणारेही होते. रीतसर वर्ग घेतले, मग परीक्षा घेतली. प्रोग्रामिंग न येणाऱ्यांना सीक्वेल जास्त सोपी गेली. चुका झाल्या त्यांतल्या बऱ्याचशा किरकोळ होत्या: स्पेलिंग, अवतरणचिन्हे, रकान्याच्या नावाचा शेवट. त्याच सुमाराला आयबीएमच्याच मोशे झ्लूफ यांची ‘क्वेरी बाय एग्झाम्पल’ आली. तिच्यात भाषाच नको. पडद्यावरच्या कोऱ्या टेबलात नमुन्याची किंमत भरायची. तिचीही चाचणी झाली आणि तीही काही तासांत शिकता येते असे दिसले. हे प्रयोग प्रामाणिक होते. पण त्यांत मोजले काय गेले ते पाहा. प्रश्न परीक्षकाने इंग्रजीत दिलेला, टेबले परीक्षकानेच तयार केलेली, आणि विद्यार्थ्याचे काम एवढेच की दिलेल्या प्रश्नाचे दिलेल्या टेबलांसाठी भाषांतर करायचे. प्रश्न बरोबर आहे का, टेबलातल्या ओळी त्या प्रश्नाला लायक आहेत का, हे विचारायला उत्तरपत्रिकेत जागाच नव्हती. ‘डेटाबेस येतो’ म्हणजे काय याची व्याख्या तिथे ठरून गेली, आणि नंतरच्या बहुतेक अभ्यासक्रमांनी ती जशीच्या तशी पुढे चालवली.

या वळणाचा सगळ्यांत चांगला पुरावा म्हणजे जगभरच्या विद्यार्थ्यांनी ज्यावर हात बसवला ती सरावाची टेबले. १९७९ मध्ये एका छोट्या कंपनीने एसक्यूएलवर चालणारा ओरॅकल हा डेटाबेस बाजारात आणला आणि पहिल्याच विक्रीला ‘आवृत्ती दोन’ असे नाव दिले, कारण पहिली आवृत्ती कोण विकत घेणार! त्या कंपनीच्या सुरुवातीच्या मंडळींत ब्रूस स्कॉट नावाचा प्रोग्रामर होता. सरावासाठीच्या खात्याला त्याचेच आडनाव दिले गेले आणि पासवर्ड म्हणून घरच्या मांजराचे नाव. स्कॉट आणि टायगर ही जोडी मग पंचवीसेक वर्षे शिकणाऱ्यांच्या तोंडी होती. त्या खात्यात एक ‘एम्प’ टेबल, १४ नोकरांचे, आणि एक ‘डेप्ट’ टेबल, ४ विभागांचे. हिशेब विभाग न्यूयॉर्कला, संशोधन डॅलसला, विक्री शिकागोला, ऑपरेशन्स बोस्टनला. या १४ ओळी नीट पाहिल्या तर लक्षात येते की त्या करणाऱ्याने, जाणूनबुजून असो की सहज, फार मोलाचे दोन खड्डे ठेवले आहेत. पहिला कमिशनच्या रकान्यात. चार विक्रेत्यांच्या पुढे आकडा आहे: ३००, ५००, १४०० आणि टर्नर नावाच्या गृहस्थापुढे शून्य. बाकी दहा जणांपुढे काहीच नाही, नल. सरासरी कमिशन काढा म्हटले की ओरॅकल ५५० सांगते, कारण नल असलेल्या ओळी ते मोजतच नाही. नलच्या जागी शून्य धरले तर तीच सरासरी १५७ वर येते. दोन्ही उत्तरे यंत्राच्या दृष्टीने बिनचूक. खरे कोणते, हे ठरवायला टर्नरला या काळात कमिशन मिळाले नाही आणि कारकुनाला ते कधी मिळणारच नव्हते, यातला फरक कळावा लागतो. तो फरक टेबलात लिहिलेला नाही. तो कंपनीच्या पगारपत्रकामागच्या नियमात आहे. दुसरा खड्डा बोस्टनचा. त्या विभागात एकही नोकर नाही, त्यामुळे दोन टेबलांचा साधा जॉइन, म्हणजे फक्त जुळणाऱ्या ओळींची जोडणी, केला की बोस्टन रिपोर्टातून गुपचूप नाहीसे होते. कोणत्या विभागात किती माणसे, असे मालकाने विचारले आणि आपण तीनच विभाग दाखवले, तर चौथ्या विभागाच्या भाड्याचे काय, हा प्रश्न त्याला सुचणारच नाही. पाठ्यपुस्तकांनी या दोन्ही गोष्टी शिकवल्या, पण व्याकरणाचे अपवाद म्हणून: नलसाठी अमुक फंक्शन वापरा, हरवलेल्या ओळींसाठी आउटर जॉइन वापरा. गैरहजेरीचाही काही अर्थ असतो आणि तो धंद्याला विचारावा लागतो, हा धडा तोंडाशी येऊन मागे गेला.

ही विद्या आपल्याकडे आली ती १९९० च्या दशकात, संगणक क्लासच्या लाटेवर. १९८१ मध्ये सुरू झालेली एनआयआयटी, १९८६ मध्ये मुंबईत निघालेली ॲपटेक, पुण्यात सी-डॅकने काढलेली प्रशिक्षण शाळा, आणि त्यांच्या सावलीत दादर-ठाण्यापासून नागपूरपर्यंत उघडलेले असंख्य छोटे क्लास. पुढे व्हीबी म्हणजे व्हिज्युअल बेसिक, मागे ओरॅकल, ही त्या काळची ठरलेली जोडी. शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा असे ते मुंबईच्या आयव्हन बेरॉस यांचे एसक्यूएल आणि पीएल/एसक्यूएलवरचे जाडजूड पुस्तक. त्यातली सरावाची टेबले इतकी चालली की अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्रयोगवह्यांत ती अजूनही सापडतात. स्कॉटच्या डॅलस-बोस्टनऐवजी इथे आपला मुलूख होता. विक्रेते वरळी, नरिमन, वांद्रे आणि जुहूचे. माल म्हणजे १.४४ फ्लॉपी, माउस, मॉनिटर, ५४० ची हार्ड डिस्क. वाचताना लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजाराचा वास यावा. पण ग्राहकांच्या टेबलात मद्रासच्या ग्राहकापुढे पिनकोड आहे ७८०००१. तामिळनाडूचे पिनकोड सहाने सुरू होतात. ७८ हे आसामचे आकडे. वरळीच्या विक्रेत्यापुढे ४००००२ आहे, तो काळबादेवीचा. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे रूढ झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपालाच्या वर्गवारीच्या जिल्ह्याचा; चूक पकडता यावी अशी त्या सहा आकड्यांची शिस्तबद्ध बांधणी आहे. तरीही वर्षानुवर्षे हजारो मुलांनी ती ओळ टंकली, तिच्यावर क्वेरी चालवल्या, पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि वह्या तपासणाऱ्यांनी ती पुढच्या वर्षीच्या वहीत तशीच उतरवली. लेखकाला यात दोष देण्याचे कारण नाही. नमुन्याची टेबले अशी घाईनेच भरली जातात. नवल याचे की मद्रास आसामात कसे, हा प्रश्न अभ्यासाचा भाग आहे असे कुणाला वाटलेच नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नवशिक्याला पहिल्याच दिवशी खरा, मळलेला डेटा दिला तर तो बुजेल. पोहायला शिकवताना कुणी भर समुद्रात ढकलत नाही. शिवाय आपल्या ग्राहकांची खरी यादी क्लासच्या हवाली कोणती कंपनी करील? हे सगळे मान्य. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने नॉर्थविंड नावाची खाद्यपदार्थांची काल्पनिक पेढी रचली, ९१ ग्राहक, ७७ वस्तू आणि ८३० ऑर्डरींची. आणि पुढे एसक्यूएल सर्व्हर २००५ बरोबर ॲडव्हेंचर वर्क्स नावाचा सायकलींचा कारखाना दिला. तक्रार त्या नकली पेढ्यांबद्दल नाही. तक्रार याची आहे की त्यांच्यावर सराव करूनही बरेच शिकवता आले असते आणि ते शिकवले गेले नाही. स्कॉटच्या १४ ओळींत बोस्टन होते. बेरॉस यांच्या टेबलात मद्रास होते. सराव छोटा असल्यामुळे नव्हे, तर उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे शिकणाऱ्याची नजर बोथट झाली. वहीच्या मागे छापलेल्या आकड्याशी आपला आकडा जुळला की काम झाले, ही सवय खऱ्या कचेरीत घातक ठरते. तिथे वहीला मागची पाने नसतात.

या सगळ्या इतिहासात एक टप्पा मात्र असा आला की नोंदीचे ज्ञान हाच अभ्यासाचा गाभा झाला, आणि मी त्याला झुकते माप देतो. १९८० च्या दशकात मोठ्या कंपन्यांत एकाच प्रश्नाची तीन खाती तीन उत्तरे देऊ लागली, कारण प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. १९८८ मध्ये आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी रोजच्या व्यवहारांपासून वेगळी, फक्त विश्लेषणासाठीची साठवण सुचवली. १९९२ मध्ये बिल इन्मन यांचे डेटा वेअरहाउसवरचे पुस्तक आले आणि १९९६ मध्ये राल्फ किंबल यांचे. किंबल यांचे पुस्तक सॉफ्टवेअरबद्दल फार थोडे बोलते. पहिलेच मोठे उदाहरण किराणा दुकानांच्या साखळीचे, आणि टेबल आखण्याआधी ते विद्यार्थ्याला एका प्रश्नावर अडवून धरते: तुमच्या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमके काय? एक बिल, बिलातली एक वस्तू, की त्या वस्तूची दिवसभरातली एकूण विक्री? याचे उत्तर एका वाक्यात देता येईपर्यंत पुढे जायचे नाही. दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहिल्याशिवाय ते देता येत नाही. क्लासमध्ये शिकवल्या गेलेल्या एसक्यूएलपेक्षा ही शिस्त कितीतरी अवघड होती आणि म्हणूनच ती पुढच्या प्रत्येक साधनाला पुरून उरली.

व्यवहाराचे दफ्तर वेगळे आणि गोषवाऱ्याचे वेगळे, ही सोय संगणकाने शोधली असे मात्र समजू नये. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात फडणिसांच्या हाताखाली चालते दफ्तर होते, आणि पुण्यात कायम मुक्कामाला असलेले एलबेरीज दफ्तर निराळे होते. इतर दफ्तरांचे हिशेब एलबेरजेत येत, तिथे त्यांची वर्गवारी होई, राज्याच्या जमा-खर्च-शिल्लकेचे तर्जुमे आणि खतावण्या तयार होत. इन्मन यांनी हे वाचले असण्याची शक्यता नाही. गरज तीच असली की घडण तीच होते, एवढेच. पण एक फरक बोलका आहे. गोषवारा काढणारा कारकून आणि रोजकीर्द लिहिणारा कारकून हे एकाच तालमीतले. वळण एक, मोडी एक, नोंदीचे संकेत एक. एखाद्या परगण्याची रक्कम का घटली, हे बेरीज करणाऱ्याला बेरजेपलीकडे जाऊन वाचता येत होते. त्यात चोऱ्या नव्हत्या असे नाही. पण आकड्यांची विद्या आणि धंद्याची विद्या या दोन वेगवेगळ्या शाळांत शिकायच्या असतात, ही कल्पना त्याला परकी होती. ती आपल्या काळाची आहे.

किंबल यांचे पुस्तक आले तोवर वारे उलट दिशेला वाहू लागले होते. त्याच्या तीन वर्षे आधी, १९९३ मध्ये, खुद्द कॉड यांनी ओलॅपवर म्हणजे बहुमितीय विश्लेषणावर १२ नियमांचा निबंध लिहिला. तो आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीच्या पैशाने लिहिला होता आणि नियम तिच्याच उत्पादनाला चपखल बसत होते, हे उघड झाल्यावर बराच गवगवा झाला. रिलेशनल मॉडेलच्या जनकाला अशा कामात पाहणे फारसे सुखाचे नाही. तरी त्या निबंधाने एक गोष्ट ठसवली: विश्लेषकाला आपल्या हाताने आकडे उलटेपालटे करता आले पाहिजेत. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इस्राएलच्या पॅनोरामा या कंपनीकडून हेच तंत्र विकत घेतले आणि १९९८ मध्ये एसक्यूएल सर्व्हर ७.० च्या खोक्यात वेगळी किंमत न लावता घालून दिले. आधी फक्त मोठ्या बँका आणि मोठ्या कारखान्यांना परवडणारी वस्तू मधल्या कंपन्यांच्या आवाक्यात आली. पाठोपाठ ॲनालिसिस सर्व्हिसेस, २००४ मध्ये रिपोर्टिंग सर्व्हिसेस, २०१५ मध्ये पॉवर बीआय. तिकडे फ्रान्समध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सने टेबलांवर ‘युनिव्हर्स’ नावाचा थर चढवला होता, की साहेबाला टेबल दिसूच नये, ‘विक्री’, ‘ग्राहक’, ‘तिमाही’ असे ओळखीचे शब्द दिसावेत. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून निघालेल्या टॅब्लोने रकाने ओढून चित्रे काढायची सोय केली. प्रत्येक वेळी घोषणा एकच: आता मध्यस्थ नको.

ही घोषणा पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि इथे माझ्या प्रतिपादनावरचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. साधनांनी खरोखर लाखो लोकांना वाट मोकळी करून दिली. १९७० साली ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी डेटा प्रोसेसिंग खात्याच्या दारात आठवडाभर ताटकळावे लागे, त्याचे उत्तर आज दुकानदाराची मुलगी फोनवर पाहते. कमी पगाराच्या कारकुनाला पिव्हट टेबल आल्यामुळे बढती मिळाली, अशी उदाहरणे गावोगाव असतील. मला ते नाकारायचे नाही. पण वाट मोकळी झाली म्हणजे अडचण संपली असे होत नाही. ती फक्त पुढच्या नाक्यावर जाऊन बसते. युनिव्हर्समध्ये ‘विक्री’ हा शब्द साहेबाला दिसतो, खरा. पण परत आलेला माल त्यातून वजा केला आहे का, सवलत आधीची धरली की नंतरची, हे कुणीतरी आधी ठरवून बांधून ठेवलेले असते. साधन जितके गुळगुळीत, तितका तो निर्णय खोल पुरलेला. पूर्वी क्वेरी लिहिणाऱ्याला निदान त्या निर्णयाला ठेच लागत होती.

ठेच न लागल्याने काय होते याचा दाखला इंग्लंडने २०२० मध्ये दिला. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फायलींत येत आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणा ते एक्सेलच्या जुन्या साच्यात ओढून पुढे पाठवी. त्या जुन्या साच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि एका रुग्णाला एकाहून अधिक ओळी लागत. रुग्ण वाढले, साचा भरला, उरलेल्या ओळी आवाज न करता गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवता आले नाही. बातम्यांत एक्सेलची थट्टा झाली. एक्सेलने आपला नियम पाळला होता. त्या साखळीतल्या कुणालाही फाइल कुठून येते, किती मोठी होऊ शकते आणि आपण पाठवलेल्या ओळी आलेल्या ओळींइतक्या आहेत का, हे विचारायची सवय नव्हती. आलेल्या आणि गेलेल्या ओळी मोजून ताळा घालणे हे काम कोणत्याही पतपेढीतला जुना कॅशियर संध्याकाळी न सांगता करतो.

धंद्याचे ज्ञान नोकरीत आपोआप येते, ते क्लासने का द्यावे, असेही म्हटले जाते. एके काळी ते येत असेलही. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात लागलेल्या मुलाला गाळप, उतारा आणि ऊसतोडीच्या पावत्या टाळता येत नसत. पण आपल्याकडच्या बिझनेस इंटेलिजन्सच्या नोकऱ्यांचा मोठा वाटा तशा कचेऱ्यांत निघालाच नाही. तो निघाला हिंजवडीत, ऐरोलीत, बंगळुरू-हैदराबादेत, परदेशी गिऱ्हाइकांसाठी. अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या दाव्यांचा डॅशबोर्ड बनवणाऱ्या मुलाने दाव्याचा अर्ज कधी पाहिलेला नसतो, तो भरणाऱ्या नर्सशी त्याचे बोलणे होत नाही, आणि करारात त्या बोलण्याचे तास धरलेलेही नसतात. त्याच्यापर्यंत पोचते ते ‘रिक्वायरमेंट’ म्हणून लिहिलेले वाक्य आणि टेबलांची यादी, म्हणजे हुबेहूब राइसनरबाईंची प्रश्नपत्रिका. तो हुशार असतो, कष्टाळू असतो, पन्नास टेबलांचा जॉइन झोपेत लिहितो. पण ज्या ज्ञानावर तो या पेशात टिकेल ते मिळवायची वाटच कामाच्या रचनेने बंद केलेली असते. तेव्हा नोकरीत येईलच असे म्हणून क्लासने हात झटकणे आता पटणारे नाही.

आणि आता तर क्वेरी लिहायलाही माणूस लागेनासा झाला आहे. साध्या भाषेतल्या प्रश्नाचे एसक्यूएल करून देणाऱ्या प्रणाली गेल्या काही वर्षांत झपाट्याने सुधारल्या. १९७४ चे स्वप्न पुरे झाले असे वाटायला जागा आहे, म्हणून त्यांची परीक्षा कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. येल विद्यापीठातून २०१८ मध्ये निघालेल्या ‘स्पायडर’ या चाचणीत टेबले नीटनेटकी होती आणि तिथे या प्रणालींनी पाहता पाहता मजल मारली. २०२३ मध्ये ‘बर्ड’ नावाची दुसरी चाचणी आली: ९५ डेटाबेस, १२,७५१ प्रश्न, आणि ओळी खऱ्याखुऱ्या, मळलेल्या. तिच्यावर जीपीटी-४ चे बरोबर उत्तरांचे प्रमाण सुरुवातीला ५४.८९ टक्के आले; माणसांचे ९२.९६ टक्के. नंतरच्या प्रणालींनी ही दरी बरीच बुजवली. पण त्या ५४.८९ मागे एक अट होती. प्रत्येक प्रश्नासोबत माणसाने लिहिलेली एक टीप दिली जात होती, की या डेटाबेसात अमुक रकान्याचा अर्थ अमुक. टीप काढून घेतली की तीच प्रणाली ३४.८८ टक्क्यांवर घसरे. बर्डमधला एक डेटाबेस चेक प्रजासत्ताकातल्या बँकेचा आहे. जिल्ह्यांच्या टेबलातल्या रकान्यांची नावे ए२, ए३ अशी ए१६ पर्यंत, आणि सरासरी पगार हवा असेल तर तो ए११ मध्ये. खात्याचा उतारा महिन्याला पाठवायचा की आठवड्याला, हे ‘पोप्लाटेक मेसिच्ने’ अशा चेक शब्दांत भरलेले. पुढे अभ्यासकांनी या चाचणीचीच उलटतपासणी केली तेव्हा तिच्यातले काही प्रश्न संदिग्ध निघाले आणि बरोबर म्हणून ठेवलेली काही उत्तरेही चुकीची निघाली. ती सापडली ओळी उघडून एकेक वाचल्यावर.